आटे गेलेला प्लग

ह्या सदरांत आम्ही बहुधा सणवार, मुलांचा अभ्यास, जुनें-नवें वाचन अशा घरगुती विषयांवर लिहितों. ह्या वेळीं मोटारीच्या इंजिनांतील एका भोंकाविषयीं लिहिणार आहों, हें पाहून कित्येक वाचक चष्मा पुसून मथळा पुन्हा वाचतील. त्यांस विनंति एवढीच कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा. भोंक लहान आहे, अवघें १४ मिलिमीटर रुंदीचें. परंतु आम्हीं तीन महिने झांकून ठेवलेली एक गोष्ट त्यांतून बाहेर पडली.

आमच्या घरीं एक प्रीमिअर पद्मिनी आहे. आमचे वडील बंधु नोकरींत असतां त्यांनीं ती घेतली. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं जी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही गाडी. मूळचा नमुना इटलींतील फियाटचा. हिच्याच बहिणी काळा-पिवळा वेष लेऊन मुंबईंत टॅक्सी म्हणून दोन पिढ्या राबल्या, आणि वयोमर्यादेच्या नियमानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून आमच्यासारख्याच सेवानिवृत्त झाल्या. घरच्या गाडीस तो नियम नाहीं. तिची तपासणी करून दर पांच वर्षांनीं नोंदणी वाढवून घ्यावी लागते, व ती आम्ही घेतों. बंधूंनीं आईला त्र्यंबकेश्वरास नेलें तें ह्याच गाडींतून, आणि पुढें बंधूंना रुग्णालयांत नेलें तेंहि ह्याच गाडींतून. तेथून ते परत आले नाहींत, गाडी आली. तेव्हांपासून आमच्या वहिनी दर शुक्रवारीं तिच्या आरशावरची धूळ स्वतः पुसतात. गाडी काढून टाकावी असें घरांत कोणी म्हणत नाहीं, त्याचें कारण हें.

गेल्या भाद्रपदांत वहिनींना गौरींसाठीं पेणला माहेरीं पोंचवावयाचें होतें. शिरवण्याहून सकाळीं निघालों. पनवेल मागें पडलें, पाताळगंगेवरील खारपाड्याचा पूल दिसूं लागला, तोंच पुढच्या झांकणाखालीं बंदूक सुटावी तसा आवाज झाला आणि पाठोपाठ फट् फट् फट् असा भयंकर धडाका सुरू झाला. गाडी बाजूस घेऊन झांकण उघडून पाहतों, तों चार प्लगांपैकीं एक आपल्या जागेवरून उडून तारेला लोंबकळत होता. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत तंतु अडकलेले होते. वहिनी भाड्याच्या गाडीनें पुढें गेल्या. आम्ही दुसऱ्या गाडीला दोर बांधून परत आलों.

घरीं चौकशीला फार वेळ लागला नाहीं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं बंधूंच्या नातवानें चारहि प्लग काढून, घासून, पुन्हा बसविले होते, हें सर्वांनीं पाहिलें होतें. मुलगा १९ वर्षांचा. तंत्रनिकेतनांत यंत्रशाखेच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे पुतणे, स्वभावानें तापट नाहींत. परंतु भर रस्त्यांत आईला उतरावें लागलें ह्याचें त्यांना वाईट वाटलें होतें. ते सर्वांसमक्ष म्हणाले, "ज्याला चार प्लग धड बसवितां येत नाहींत, तो इंजिनें काय करणार?" मुलानें मान खालीं घातली. दुसऱ्या दिवशीं त्याची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. जेवतांना तो सर्वांच्या आधीं पानावरून उठूं लागला. आठवड्यानें त्याच्या आईनें आम्हांस हळूच सांगितलें कीं, डिप्लोमा सोडून वाणिज्य शाखेंत जावें काय, असें तो मित्राला विचारीत होता.

आम्ही हें सर्व पाहत होतों आणि गप्प होतों. कां गप्प होतों, तें आतां सांगतों.

ज्येष्ठांत एका दुपारीं आम्ही पनवेलहून परत आलों. गाडी किंचित् अडखळत होती. प्लगांवर काजळी धरली म्हणजे असें होतें, हें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें. इंजिन तापलेलें, आम्हीहि तापलेले. तशांत आम्हीं पाना घेऊन प्लग काढले, पोलिस-कागदानें घासले आणि पुन्हा बसवूं लागलों. तिसरा प्लग कांहीं केल्या सरळ जाईना. हा मुलगा शेजारीं उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, आधीं बोटांनीं फिरवून पाहूं या. तिरका जातोय." आम्हीं त्याला सांगितलें कीं, प्लग बसविण्यास डिप्लोमा लागत नाहीं, आणि पान्याला आणखी एक हिसका दिला. कर्रर् असा आवाज झाला. आम्हीं तो ऐकला, त्यानेंहि ऐकला. प्लग बसला, गाडी चालूं लागली, आणि आम्ही हात धुऊन चहाला गेलों.

पुढील गोष्ट नीट कळावी म्हणून येथें यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ ह्यांचें मिश्रण पिस्टन दाबतो व प्लगच्या टोंकाशीं विजेची ठिणगी पडून तें पेटतें. स्टुटगार्ट येथें रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड ह्या अभियंत्यानें १९०२ सालीं उच्च दाबाचें मॅग्नेटो व त्याजोगा प्लग सिद्ध केला. तेव्हांपासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे. प्लगाच्या अंगावर आटे असतात. इंजिनाच्या वरच्या भागास कारागीर 'हेड' म्हणतात. त्याच्या भोंकांत तसेच आटे पाडलेले असतात. दोन्ही एकमेकांत गुंतून प्लग जागेवर राहतो.

ह्या आट्यांवर भार केवढा पडतो, तें शाळेंतल्या गणितानें काढतां येतें. १४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें १५४ चौरस मिलिमीटर, म्हणजे दीड चौरस सेंटिमीटराहून किंचित् अधिक. भडका उडाला असतां आंतला दाब दर चौरस सेंटिमीटरास ४० किलोग्रॅम धरला, तरी प्लगाला बाहेर ढकलणारा जोर ६० किलोग्रॅमांच्या वर भरतो. एक धडधाकट माणूस खालून लाथ मारीत आहे अशी कल्पना करावी. आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर ही लाथ सेकंदाला २५ वेळां बसते. तिला थोपविण्यास आटे किती? अशा प्लगाच्या दोन आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर असतें. आट्यांची लांबी कोठें पावणेतेरा मिलिमीटर, कोठें १९ मिलिमीटर. म्हणजे दहा किंवा पंधरा वेढे. बस्स, एवढ्यावर सारी भिस्त.

त्यांतहि जोडी विषम आहे. प्लग पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचें. ॲल्युमिनियम वजनानें हलकें व उष्णता झटकन् वाहून नेणारें म्हणून हेडसाठीं तें घेतात. परंतु तें मऊ आहे आणि तापलें असतां पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतें. म्हणून तापलेल्या इंजिनांतून प्लग काढूं नये. तशा वेळीं मऊ धातूचे आटे ओरबाडले जातात. प्लग तिरका धरून पान्यानें रेटला, तर पोलाद हरत नाहीं. तें मऊ धातूंत स्वतःची नवी, वांकडी वाट कापीत जातें. बाहेरून पाहणारास वाटतें, काम फत्ते झालें. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनीं १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें. त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोंकांत जात नसे. आज मापें ठरलेलीं आहेत, कोणत्याहि दुकानांतला प्लग आपल्या हेडांत बसतो. परंतु तो सरळ धरण्याचें काम अजून माणसाच्या हातालाच करावें लागतें.

आम्हीं प्रथम गाडी एका मोठ्या गॅरेजांत दाखविली. तेथील गृहस्थांनीं लांबूनच पाहून सांगितलें कीं, हेड बदला. आणि ह्या गाडीचें नवें हेड आतां सहज मिळत नसल्यामुळें भंगारांत देणें उत्तम. वहिनी पेणहून परत आल्या होत्या. त्यांना हें सांगितलें तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. "बरं," एवढेंच म्हणून आंत गेल्या. त्या शुक्रवारीं आरसा पुसला गेला नाहीं.

शिरवण्याच्या गांवठाणाजवळ एक मिस्त्री आहे, त्याचें नांव कोणी तरी सुचविलें. हा मनुष्य इथलाच, आगरी समाजांतला. ह्या भागांतील गांवांच्या भातशेतांवर व मिठागरांवर प्रथम औद्योगिक वसाहत आली आणि १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर नवें नगर उभें राहिलें, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. शेत गेल्यावर ह्याच्या वडिलांनीं वसाहतींतील एका कारखान्यांत लेथवर काम धरलें. मुलगा त्यांच्या हाताखालीं शिकला. त्याच्या दुकानांत पाटी नाहीं. भिंतीवर मापानुसार लावलेले टॅप मात्र अशा व्यवस्थेनें टांगलेले होते कीं, आम्हांस आमच्या शाळेंतील नकाशांची खोली आठवली.

त्यानें प्लग हातांत घेतला, आट्यांतला एक तंतु नखानें काढून पाहिला. मग बत्ती आणि दांतांच्या डॉक्टरांजवळ असतो तसा लहान आरसा घेऊन भोंकांत बराच वेळ पाहिलें. शेवटीं प्लगाखालचा वॉशर काढून आमच्या तळहातावर ठेवला. त्याची एक बाजू दाबली जाऊन चकचकीत झाली होती. दुसरी बाजू जशीच्या तशी जाड, आणि तिच्यावर काजळीचा कठीण थर.

"गुरुजी," तो म्हणाला, "हा आटा त्या दिवशीं नाय गेला. आधींचाच गेलेला हाय. वॉशर एकाच अंगाला टेकलाय, दुसऱ्या अंगानं गॅस जात होता. एवढी काजळी एका रातींत नाय धरत. दोन-तीन महिने तरी झाले असतील."

आम्ही म्हटलें, "परंतु आदल्या दिवशीं आमच्या नातवानें हा प्लग बसविला होता."

"बसवला असंल. पण तो जुन्या वाटेनंच गेला ना! वाट वांकडी कुणी पाडली, तें बघा. तोंडाशीं तीन-चार आटे तिरपे कापलेत. पोराच्या हातून फक्त शेवट झाला." आणि आमच्या तोंडाकडे न पाहतां, हात पुसत, तो पुढें म्हणाला, "त्याला उद्यां घेऊन या. शिकतोय ना तो? बघूं द्या त्याला कसं दुरुस्त करतात तें."

वाचकहो, आम्हीं ३४ वर्षें शाळेंत शिकविलें. हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. कोणता मुलगा कोणाची नक्कल करतो, तें आम्हीं अक्षरावरून ओळखीत असूं, व पकडलेल्या मुलाला सर्व वर्गासमोर उभें करीत असूं. त्या दुपारीं आमची उत्तरपत्रिका एका माणसानें वॉशरवरून तपासली, आणि वर्गासमोर उभें न करतां घरीं जाऊं दिलें.

घराकडे येतांना मनांत अनेक युक्तिवाद आले. आपण सांगितलें नाहीं, पण खोटें तरी कोठें बोललों? मुलगा स्वतः कांहीं बोलला नाहीं, मग त्याला तरी सर्व ठाऊक असेल कशावरून? आतां गाडी दुरुस्त होतेच आहे. जुनें उकरून वडीलकीला उणेपणा कां आणावा? एकत्र कुटुंबांत वडीलकी हा मोठा आधार असतो, हें आम्ही ह्याच सदरांत अनेक वेळां लिहिलें आहे. तो आधार आहे म्हणूनच मुलें वडिलांची चूक चारचौघांत बोलून दाखवीत नाहींत. परंतु मुलानें आदरानें पाळलेलें मौन आपण स्वतःच्या दोषावर पांघरूण म्हणून ओढून घ्यावें, हा त्या आदराचा सर्वांत वाईट उपयोग होय. इतकें कळण्यास आम्हांस शिरवण्याच्या गांवठाणापासून घरापर्यंतचा रस्ता लागला.

रात्रीं पानें मांडलीं गेलीं. चित्राहुति घातल्या, आणि आपोशन घेण्यापूर्वीं आम्हीं सांगितलें कीं, प्लगाचे आटे मुलानें बिघडविले नाहींत; ते ज्येष्ठांत आम्हीं बिघडविले; त्यानें त्या वेळींच सावध केलें होतें, आणि आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं; पुढें त्याला बोल लागला तेव्हां आम्ही जवळच बसलों होतों. एवढेंच बोललों. अधिक बोलवलेंहि नाहीं.

कांहीं क्षण कोणाचा हात पानाकडे गेला नाहीं. मग पुतण्यांनीं तुपाचें भांडें उचललें आणि मुलाच्या वरणभातावर स्वतः धार धरली. वहिनी दारांतून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, भावोजी. त्याचे हात मी लहानपणापासून पाहत्यें." आम्हीं मुलाला विचारलें, "तूं त्याच दिवशीं कां बोलला नाहींस?" तो पानाकडे पाहत म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगाल असं वाटलं होतं."

ह्या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची पेटी खालीं आली आणि आम्ही दोघे मिस्त्रीकडे गेलों. दुरुस्तीची रीत आम्हीं जशी पाहिली तशी सांगतों. ज्यांच्या घरीं मोटार वा स्कूटर आहे त्यांना ती उपयोगी पडेल.

गेलेल्या आट्यांवर उपाय मुख्यतः दोन. एकांत पोलादी तारेचें स्प्रिंगसारखें वेटोळें भोंकांत बसवितात. त्यास 'हेलिकॉइल' म्हणतात. त्या तारेचा छेद चौकटच्या ठोकळ्यासारखा असतो, त्यामुळें तिच्या बाहेरच्या अंगाला एक आटा आणि आंतल्या अंगाला दुसरा आटा आपोआप तयार होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत विमानांच्या हलक्या धातूच्या इंजिनांसाठीं ही युक्ति वापरांत आली. दुसरा उपाय अखंड पोलादी बुशाचा: बाहेरून मोठ्या मापाचे आटे, आंतून मूळचे १४ मिलिमीटरचे, आणि डोक्याशीं बारीक कांठ. मिस्त्रीनें दुसरा उपाय पसंत केला. "तार बरी असते," तो म्हणाला, "पण कधीं कधीं प्लग काढतांना त्याच्याबरोबर बाहेर येते. बुश नाय येत."

प्रथम त्यानें इंजिन हातानें फिरवून त्या सिलिंडरचा पिस्टन अगदीं खालीं नेला, म्हणजे टॅपचें टोंक त्यावर आपटावयास नको. मग टॅपच्या खोबणींत ग्रीस भरलें. हेड न काढतां काम करावयाचें असेल तर ह्या ग्रीसला फार महत्त्व. कापलेल्या धातूचा कीस त्याला चिकटून बाहेर येतो, नाहीं तर तो सिलिंडरांत पडून त्याच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढतो. टॅप भोंकावर ठेवून त्यानें चारी बाजूंनीं वांकून पाहिलें, गुण्यानें तपासलें, आणि मूठ आमच्या नातवाच्या हातांत दिली. "अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें. घाई नाय. जड लागलं कीं थांबायचं."

मुलगा काम करूं लागला. अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें. दर दोन-तीन फेऱ्यांनीं टॅप बाहेर काढून पुसावयाचा, नवें ग्रीस भरावयाचें. एकदां टॅप अडकला. आम्हांस वाटलें, आतां हा जोर करणार. तो थांबला, टॅप मागें फिरवून बाहेर काढला, पुसला, आणि पुन्हा सुरुवात केली. मिस्त्रीनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली.

आटे पडल्यावर भोंकाच्या तोंडाशीं बुशाचा कांठ बसेल एवढी पायरी कापली. मग इंजिन फिरवून धूर बाहेर जाण्याची झडप उघडी राहील असें केलें आणि नळीनें हवा मारली, म्हणजे उरलासुरला कीस बाहेर निघून जातो. बुशाला उष्णता सोसणारा चिकट द्राव लावून तो बसविला. त्याची लांबी दोनदां मापली होती. कारण बुशाचें टोंक आंत ज्वालेच्या जागेंत डोकावलें तर तें लाल होऊन ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटवूं लागतें. द्राव सुकूं दिला. मग प्लग न लावतां इंजिन कांहीं फेरे फिरविलें. शेवटीं नवा प्लग. त्याच्या वरच्या चिनीमातीच्या भागावर मुलानें रबरी नळीचा तुकडा चढविला आणि त्या नळीनेंच प्लग फिरवीत आंत नेला. ही युक्ति आम्हांस फार आवडली: प्लग तिरका जाऊं लागला कीं रबर हातांतल्या हातांत निसटतें, हट्टी माणसालाहि त्यानें जोर करतां येत नाहीं. प्लग टेकल्यावर पान्यानें अर्धा फेरा, आणि पाना खालीं.

काम पाहतां पाहतां आमच्या मनांत व्याकरण आलें. जन्माची खोड, जाणार कशी? संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेंत असें सांगतात कीं, आदेश हा शत्रूसारखा असतो आणि आगम हा मित्रासारखा. 'दृश्' धातूच्या जागीं 'पश्य' हा आदेश येतो. तो येतो तेव्हां 'दृश्' बिचारा कोठें दिसतहि नाहीं. उलट 'गच्छति' चें 'अगच्छत्' होतांना आरंभीं जो 'अ' येतो, तो कोणालाहि हुसकून लावीत नाहीं. शेजारीं येऊन बसतो व अर्थाला साहाय्य करतो. हेड बदला, गाडी भंगारांत द्या, ही आदेशाची भाषा. बुश हा आगम. थोडी जागा त्यालाहि करून द्यावी लागते, बिघडलेला भाग कापून काढावा लागतो, आणि तें कापणें दुखतें. परंतु मूळचें घर उभें राहतें. शिवाय मऊ ॲल्युमिनियमच्या जागीं आतां पोलाद आल्यामुळें हे आटे पूर्वींपेक्षां मजबूत झाले आहेत, असें मिस्त्रीचें म्हणणें. कुटुंबाविषयीं तसें म्हणतां येईल काय, तें आम्ही आतांच सांगत नाहीं; तें काळ ठरवील.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविणें अवश्य आहे. आमच्या समाजांत हात काळे करणाऱ्या कामास पुष्कळ काळ दुय्यम मानलें गेलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडीची उभारणी केली, ह्याचा अभिमान आम्ही भाषणांतून सांगतों. परंतु घरांतला मुलगा पाना हातांत घेऊन दोन शब्द सांगूं लागला, कीं आमचें पुस्तकी वय आडवें येतें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पाठशाळेंतलें संस्कृत ह्यांच्या बळावर आम्ही त्या दिवशीं प्लग बसवीत होतों! विद्या कोणतीहि असो, तिचा अधिकार तिच्या क्षेत्रापुरता. आम्ही मुलांना आयुष्यभर 'गुरूचें ऐका' म्हणून सांगितलें. इंजिनाच्या झांकणापाशीं गुरु कोण होता, तें मात्र ओळखलें नाहीं.

आतां, गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं व्यावहारिक सूचना थोडक्यांत देतों. प्लग नेहमीं इंजिन थंड झाल्यावर काढावा, आणि काढण्यापूर्वीं भोवतालची माती फुंकून टाकावी. आपल्या गाडीस जेवढ्या लांबीचे आटे लागतात तेवढ्याच लांबीचा प्लग घ्यावा. आखूड घेतल्यास भार थोड्या आट्यांवर पडतो, लांब घेतल्यास तो पिस्टनवर आपटूं शकतो. पहिले फेरे बोटांनीं किंवा रबरी नळीनें, पाना शेवटीं. नव्या वॉशरचा प्लग टेकल्यापासून सुमारें अर्धा फेरा पुरे. जुनाच वॉशर असेल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा. आट्यांना तेल-ग्रीस चोपडूं नये. त्यानें पाना हलका लागतो आणि नकळत प्लग प्रमाणाबाहेर आंवळला जातो. इंजिनांतून चुक् चुक् असा आवाज येऊं लागला किंवा प्लगाभोंवतीं काजळी दिसली, तर गॅस निसटत आहे असें समजावें आणि त्याच दिवशीं पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कर्रर् असा आवाज झाला तर तेथेंच थांबावें. त्या क्षणीं प्लग उलट फिरवून काढला, तर बहुतेक वेळां एक-दोन आट्यांवर निभावतें. पुढें रेटलें, तर सगळे जातात.

असो. पेणचा राहिलेला प्रवास आश्विनांत झाला. गाडी नातवानें चालविली, वहिनी पुढें बसल्या, आम्ही मागें. खारपाड्याचा पूल आला तेव्हां आमचें सारें लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतें. वहिनींनीं मात्र काच खालीं केली, पदरानें आरशावरची धूळ पुसली आणि पाण्याकडे पाहत बसल्या.